जावा भाषेची मुक्त स्रोत बांधणी-साधने : विकास, कार्यपद्धती आणि विश्वासाचा प्रश्न

बीजसंज्ञा : जावा, मुक्त स्रोत, बांधणी-साधन, अवलंबित्व, मेव्हन, ग्रेडल, संगणकीय सुरक्षा

प्रस्तावना

संगणकाची आज्ञावली लिहिणे आणि ती वापरण्यायोग्य स्वरूपात सिद्ध करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. अभ्यासक्रमात पहिल्या क्रियेला मोठे स्थान मिळते. दुसरी मात्र प्रात्यक्षिकाच्या तासाला एक कळ दाबून उरकली जाते. ती कळ दाबल्यावर पडद्यामागे जे घडते, त्याला या क्षेत्रात 'बिल्ड' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'बांधणी' हा शब्द योजला आहे. मूळ संहिता भाषांतरित करणे, बाहेरून लागणारे ग्रंथसंच, म्हणजे इतरांनी तयार केलेल्या लायब्ररी, गोळा करणे, चाचण्या घेणे आणि सर्व भाग एका गठ्ठ्यात बांधून वापरकर्त्याच्या हाती देणे, एवढी कामे बांधणीत येतात.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जाहीर केली. तिच्याभोवती गेल्या पंचवीस वर्षांत मुक्त स्रोत साधनांचा मोठा परिवार उभा राहिला. अँट, मेव्हन आणि ग्रेडल ही त्यांतील तीन प्रमुख बांधणी-साधने होत. या साधनांनी श्रम वाचवले, हे निर्विवाद आहे. तथापि श्रम वाचवताना प्रत्येक टप्प्यावर निर्णयाचा काही भाग माणसाच्या हातून साधनाकडे, आणि साधनाकडून अनोळखी लेखकांकडे गेला. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यातून विश्वासाचा कोणता प्रश्न निर्माण झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेक : पूर्वपीठिका

बांधणी-साधनांची परंपरा जावापेक्षा जुनी आहे. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन लिहिले. त्यामागील प्रसंग बोधप्रद आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने आज्ञावलीतील दोष दुरुस्त केला होता. परंतु दुरुस्त फाइलीचे नव्याने भाषांतर करण्याचे राहून गेले. परिणामी मुळात निर्दोष असलेल्या आज्ञावलीत दोष शोधण्यात त्याची अख्खी सकाळ वाया गेली. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावे, आणि जी फाइल तिच्या आधारापेक्षा जुनी झाली असेल तेवढीच पुन्हा तयार करावी, हा मेकचा सोपा नियम या अनुभवातून जन्मास आला. या कार्याबद्दल फेल्डमन यांना २००३ सालचा असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा पुरस्कार देण्यात आला.

मेकमध्ये एक प्रसिद्ध वैगुण्यही होते. आज्ञेची ओळ टॅब या कळीनेच सुरू झाली पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. टॅबऐवजी मोकळ्या जागा दिल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही; पण मेकचे काम थांबते. फेल्डमन यांना ही अडचण लवकरच उमगली होती. परंतु तोवर साधनाचे सुमारे डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच राहिला. डझनभर लोकांसाठी राखलेला तो नियम पुढे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाट्याला आला. पायाभूत साधनातील लहानसा निर्णय किती दूरवर पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

जावासाठी मेक फारसे सोयीचे ठरले नाही. सी भाषेत सामान्यतः एका मूळ फाइलीपासून एक भाषांतरित फाइल तयार होते. जावात एका मूळ फाइलीपासून अनेक 'क्लास' फाइली निर्माण होऊ शकतात, आणि जावाच्या कम्पायलरला अनेक फाइली एकत्र दिल्यास तो अधिक वेगाने काम करतो. शिवाय मेकमधील आज्ञा त्या त्या कार्यप्रणालीच्या असतात. एकदा लिहिलेली आज्ञावली कोठेही चालावी, ही तर जावाची प्रतिज्ञा होती. आज्ञावली सर्वत्र चालते, पण तिची बांधणी मात्र एकाच प्रकारच्या संगणकावर होते, ही विसंगती खटकणारी होती.

अँट : पायरीपायरीने सांगितलेली कृती

ही विसंगती दूर करण्याचे श्रेय जेम्स डंकन डेव्हिडसन यांच्याकडे जाते. सनमध्ये असताना ते टॉमकॅट या सर्व्हर-आज्ञावलीवर काम करीत होते. १९९९ मध्ये ही संहिता अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे मुक्त स्रोत म्हणून सोपवण्यात आली. ती कोणालाही, कोणत्याही संगणकावर बांधता यावी, यासाठी डेव्हिडसन यांनी जावातच एक छोटे साधन लिहिले. 'अनदर नीट टूल', म्हणजे 'आणखी एक नेटके साधन', या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव 'अँट' पडले. जुलै २००० मध्ये ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले.

अँटची कृती एक्सएमएल पद्धतीने लिहिलेल्या फाइलीत असते. समजा, महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची आज्ञावली तयार करावयाची आहे. अँटच्या फाइलीत 'जुने भाषांतर पुसून टाका', 'मूळ संहिता भाषांतरित करा', 'चाचण्या घ्या', 'गठ्ठा बांधा' अशी लक्ष्ये लिहावी लागतात आणि कोणते लक्ष्य कोणत्या लक्ष्यानंतर यावे हेही सांगावे लागते. पाककृतीप्रमाणे प्रत्येक पायरी येथे स्पष्ट असते. ती वाचणाऱ्याला नेमके काय घडणार आहे हे कळते, हा अँटचा मोठा गुण होय.

परंतु हाच गुण पुढे ओझे झाला. प्रत्येक प्रकल्पाची पाककृती निराळी होऊ लागली. एका प्रकल्पातून दुसऱ्यात आलेल्या विकसकाला प्रथम तेथील कृती शिकावी लागे. एक्सएमएलच्या मर्यादा पुढे डेव्हिडसन यांनी स्वतःही मान्य केल्या. बाहेरचे ग्रंथसंच आणण्याची सोय मूळ अँटमध्ये नव्हती. ते विकसकाने शोधून, उतरवून प्रकल्पाच्या पेटीत ठेवावेत, अशी रीत होती. त्यासाठी 'आयव्ही' हे जोडसाधन नंतर उपलब्ध झाले.

मेव्हन : संकेत आणि भांडार

अपाचीच्याच 'टर्बाइन' नावाच्या प्रकल्पात या अडचणीने टोक गाठले. तेथील अनेक उपप्रकल्पांच्या अँट-फाइली एकमेकींसारख्या होत्या, पण तंतोतंत सारख्या नव्हत्या. त्यातून जेसन व्हॅन झिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मेव्हन' हे साधन घडवले. मेव्हन हा यिद्दिश शब्द असून त्याचा अर्थ जाणकार असा होतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ मध्ये आणि बरीच बदललेली दुसरी आवृत्ती २००५ मध्ये आली.

मेव्हनने दोन मूलभूत बदल केले. पहिला बदल संकेताचा. मूळ संहिता कोठे ठेवावी, चाचण्या कोठे असाव्यात आणि तयार गठ्ठा कोठे जाईल, हे मेव्हनने आधीच ठरवून टाकले. भाषांतर, चाचणी, गठ्ठा, प्रतिष्ठापना हा क्रमही निश्चित झाला. संकेत पाळणाऱ्या प्रकल्पाला पायऱ्या लिहाव्या लागत नाहीत. 'पॉम' नावाच्या फाइलीत प्रकल्पाचे वर्णन तेवढे करावयाचे. अँटची फाइल 'काय करावे' हे सांगत असे. पॉम फाइल 'हा प्रकल्प काय आहे' हे सांगते.

दुसरा बदल भांडाराचा. प्रत्येक ग्रंथसंचाला मेव्हनने तीन भागांचा पत्ता दिला : प्रकाशक-समूहाचे नाव, ग्रंथसंचाचे नाव आणि आवृत्ती-क्रमांक. हा पत्ता पॉममध्ये लिहिला की साधन तो ग्रंथसंच 'मेव्हन सेंट्रल' या सार्वजनिक भांडारातून उतरवून घेते आणि विकसकाच्या संगणकावर जतन करते. पुढच्या वेळी तो पुन्हा उतरवावा लागत नाही. ज्या ठिकाणी इंटरनेटची जोडणी क्षीण असते, तेथे ही सोय विशेष उपयोगी पडते. या भांडारात एकदा प्रकाशित झालेली आवृत्ती सामान्यतः बदलता वा मागे घेता येत नाही. या नियमाचे महत्त्व दुसऱ्या एका भाषेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या भांडारातून एका लेखकाने आपला अकरा ओळींचा 'लेफ्ट-पॅड' हा ग्रंथसंच काढून घेतला आणि जगभरातील असंख्य बांधण्या एकाएकी बंद पडल्या.

मेव्हनची खरी शक्ती, आणि खरी जोखीमही, अप्रत्यक्ष अवलंबित्वात आहे. देवघेवीच्या आज्ञावलीने एका ग्रंथसंचाची मागणी केली, त्याला आणखी चार लागत असतील आणि त्या चारांना आणखी दहा, तर मेव्हन ते सर्व आपोआप आणते. विकसकाने एक नाव लिहिलेले असते. प्रत्यक्षात पंधरा पाहुणे घरात आलेले असतात.

ग्रेडल : कामांचा आलेख

मेव्हनचे संकेत पाळणाऱ्याला ते वरदान वाटते. ज्याच्या प्रकल्पाची गरज वेगळी आहे, त्याला मात्र ते जाचक होतात. अँटची लवचीकता आणि मेव्हनचे संकेत यांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नातून हान्स डॉक्टर आणि सहकाऱ्यांनी 'ग्रेडल' विकसित केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती जून २०१२ मध्ये आली. २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या नव्या विकसन-संचासाठी ग्रेडलची निवड केली आणि त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

ग्रेडलची फाइल एक्सएमएलमध्ये नसते. ती ग्रूव्ही किंवा कोटलिन या भाषांत, म्हणजे खऱ्या अर्थाने आज्ञावली म्हणूनच, लिहिली जाते. ग्रेडल प्रथम सर्व कामांचा आलेख तयार करते आणि मग आवश्यक तेवढीच कामे करते. मेक फाइलींच्या वेळा पाहत असे. ग्रेडल फाइलींच्या आशयाचा ठसा घेऊन तुलना करते. त्यामुळे फाइल केवळ उघडून पुन्हा जतन केली आणि आशय तोच राहिला, तर काम पुन्हा होत नाही.

ही दोन साधने एकाच प्रश्नाला भिन्न उत्तरे देऊ शकतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. समजा, 'क' या ग्रंथसंचाला 'नोंद' या ग्रंथसंचाची आवृत्ती २.० लागते. दुसरीकडे 'ख' या ग्रंथसंचाला 'ग' लागतो आणि 'ग'ला 'नोंद'ची आवृत्ती २.१ लागते. मेव्हन अवलंबित्वाच्या वृक्षात मुळाच्या सर्वांत जवळ असलेली आवृत्ती निवडते. म्हणून ते २.० आणील. ग्रेडल सामान्यतः सर्वांत वरच्या क्रमांकाची आवृत्ती निवडते. म्हणून ते २.१ आणील. मूळ संहितेत एका अक्षराचाही फरक नसताना दोन भिन्न गठ्ठे तयार होतात. त्यांतील एखादा गठ्ठा विनातक्रार बांधला जाऊन प्रत्यक्ष वापराच्या वेळी कोसळू शकतो. कारण 'ग'ला हवी असलेली पद्धत २.० मध्ये नसेलही. निवड झालेली असते. ती कोणी केली हे मात्र विकसकाला अनेकदा ठाऊक नसते.

विकसकाची अन्य साधने

बांधणी-साधने एकाकी नाहीत. केंट बेक आणि एरिख गामा यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या 'जेयुनिट'मुळे चाचणी हा बांधणीचाच एक टप्पा झाला. चाचणी अयशस्वी झाली की गठ्ठा तयार होत नाही. आयबीएमने २००१ मध्ये मुक्त केलेले 'एक्लिप्स' आणि प्राग येथील विद्यार्थी-प्रकल्पातून पुढे आलेले 'नेटबीन्स' या संचांनी लेखन, भाषांतर आणि दोषशोधन एका पडद्यावर आणले. कोहसुके कावागुची यांनी सनमध्ये असताना लिहिलेले 'हडसन' हे साधन संहितेतील प्रत्येक बदलानंतर आपोआप बांधणी करू लागले. ओरॅकलने सन ताब्यात घेतल्यानंतर नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११ मध्ये समुदायाने 'जेनकिन्स' या नावाने हे साधन पुढे नेले. मुक्त स्रोताचे मर्म या घटनेत दिसते. नाव कंपनीकडे राहिले, पण संहिता आणि ती जाणणारी माणसे आपल्या वाटेने जाऊ शकली. जावाचा कम्पायलरही सनने नोव्हेंबर २००६ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला. परिणामी मोठ्या कंपनीतील अभियंता आणि लहान गावातील महाविद्यालयाचा विद्यार्थी आज तीच साधने, शुल्क न देता, वापरू शकतात.

लॉग-फोर-जे प्रकरण

या सोयीची किंमत डिसेंबर २०२१ मध्ये सर्वांसमोर आली. 'लॉग-फोर-जे' हा आज्ञावलीतील घडामोडींची नोंद ठेवणारा अपाचीचा ग्रंथसंच आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीत २०१३ मध्ये एक सोय समाविष्ट झाली होती. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट चिन्हांत पत्ता आढळला, तर हा ग्रंथसंच त्या पत्त्यावरून माहिती मागवीत असे. मजकूर बाहेरच्या माणसाने पाठवलेला असेल, उदाहरणार्थ प्रवेशाच्या चौकटीत लिहिलेले नाव, तर तोही त्याच रीतीने वाचला जाई. आक्रमकाने स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता लिहिला की तेथील घातक संहिता पीडिताच्या संगणकावर चालू शके. अलीबाबाच्या सुरक्षा-विभागातील अभ्यासकाने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी हा दोष अपाचीला कळवला. तो सार्वजनिक झाल्यावर त्याला 'लॉग-फोर-शेल' हे नाव मिळाले आणि तीव्रतेच्या मापनात दहापैकी दहा गुण देण्यात आले.

दोष दुरुस्त करणारी आवृत्ती तत्परतेने आली. तिच्यातही उणिवा आढळल्याने महिनाअखेरपर्यंत एकामागून एक सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. हे काम करणारे बहुतेक जण आपल्या फावल्या वेळात स्वेच्छेने ग्रंथसंच सांभाळणारे होते. मोठमोठ्या संस्थांचे व्यवहार ज्यावर उभे होते, त्या खांबाची देखभाल काही मोजक्या माणसांच्या सद्भावनेवर चालली होती.

परंतु खरी अडचण दुरुस्तीची नव्हती. 'आपल्या आज्ञावलीत लॉग-फोर-जे आहे काय?' या साध्या प्रश्नाचे उत्तर अनेक संस्थांना देता येईना. त्यांच्या विकसकांनी ते नाव कोठेच लिहिले नव्हते. ते अप्रत्यक्ष अवलंबित्वातून आत आले होते. गूगलच्या अभ्यासकांनी त्याच महिन्यात केलेल्या मोजणीत मेव्हन सेंट्रलमधील १७,००० हून अधिक ग्रंथसंच या दोषाने बाधित आढळले आणि त्यांतील बहुसंख्य ठिकाणी तो एकाहून अधिक पातळ्या खोल होता.

या प्रसंगी बांधणी-साधनांची दुसरी बाजूही दिसली. अवलंबित्वाचा संपूर्ण वृक्ष छापून दाखवणारी आज्ञा मेव्हन आणि ग्रेडल दोहोंत आहे. ज्यांच्या प्रकल्पाची बांधणी नीट वर्णिलेली होती, त्यांना काही मिनिटांत उत्तर मिळाले आणि पॉममध्ये आवृत्तीचा आकडा बदलून नवी बांधणी करता आली. ज्यांनी गठ्ठे हाताने गोळा केले होते, त्यांना एकेक गठ्ठा उघडून पाहावा लागला. धोका ज्या वाटेने आत आला, तीच वाट त्याचा माग काढण्यास उपयोगी पडली.

विश्वासाची साखळी

भांडारातून आलेला गठ्ठा मूळ लेखकाचाच आहे कशावरून? मेव्हन सेंट्रलमध्ये प्रकाशन करताना प्रकाशकाला अंकीय स्वाक्षरी जोडावी लागते. तथापि गठ्ठा उतरवताना मेव्हन आपण होऊन त्या स्वाक्षरीची छाननी करीत नाही. ते मुख्यतः बेरीज-ठसा जुळतो की नाही एवढे पाहते. असुरक्षित जोडणीने गठ्ठे देण्याचे मेव्हन सेंट्रलने १५ जानेवारी २०२० पासून बंद केले, आणि त्याच वर्षी ग्रेडलने ठसे व स्वाक्षऱ्या तपासण्याची सोय उपलब्ध करून दिली. ही सोय विकसकाने स्वतः सुरू करावी लागते.

एवढ्याने प्रश्न संपत नाही. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेले व्याख्यान १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखवले की कम्पायलरमध्येच कपट दडवले, तर मूळ संहिता कितीही तपासली तरी ते सापडणार नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या सी भाषेतील ग्रंथसंचात या इशाऱ्याचा प्रत्यय आला. तेथे घातक भाग कार्यान्वित करणारी कळ सार्वजनिक संहिता-भांडारात नव्हती. ती प्रकाशित गठ्ठ्यातील बांधणीच्या फाइलीत होती. मूळ संहिता सारे वाचतात, बांधणीची फाइल क्वचितच कोणी वाचतो, हे आक्रमकाने ओळखले होते.

यावरील एक उपाय म्हणजे पुनरुत्पादनक्षम बांधणी. तीच संहिता, तीच साधने आणि त्याच सूचना वापरल्यास कोणालाही अक्षरशः तोच गठ्ठा मिळाला पाहिजे. तसे झाले तर स्वतंत्र व्यक्ती बांधणी करून तुलना करू शकतात. गठ्ठ्यात नोंदली जाणारी वेळ किंवा फाइलींचा क्रम अशा क्षुल्लक गोष्टी यात अडथळा आणतात. म्हणून मेव्हन आणि ग्रेडल या दोहोंत त्या स्थिर करण्याची सोय आहे. दुसरा उपाय म्हणजे घटकसूची. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक छापतात, त्याप्रमाणे आज्ञावलीसोबत तिच्या सर्व ग्रंथसंचांची यादी द्यावयाची. भारतात सर्ट-इन या शासकीय यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा सूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ही सूची बांधणीच्या वेळीच आपोआप तयार करणारी जोडसाधने मेव्हन आणि ग्रेडलसाठी उपलब्ध आहेत.

निष्कर्ष

मेकने विसरभोळेपणावर उपाय केला, अँटने संगणका-संगणकांतील भेद मिटवला, मेव्हनने संकेत आणि भांडार दिले, तर ग्रेडलने वेग आणि लवचीकता दिली. प्रत्येक टप्प्यावर विकसकाचे कष्ट कमी झाले आणि त्याच्या नजरेआड होणाऱ्या निर्णयांची संख्या वाढली. हे निर्णय पुन्हा हाताने घेणे शक्य नाही आणि इष्टही नाही. ते पाहता येतील अशा स्थितीत ठेवणे मात्र शक्य आहे, आणि साधने मुक्त स्रोत असल्यामुळे तशी पाहणी कोणालाही करता येते.

म्हणून बांधणीची फाइल ही तांत्रिक उपचार म्हणून दुर्लक्षिण्याची वस्तू नव्हे. आज्ञावलीने कोणाकोणावर विश्वास टाकला आहे, याचा तो लेखी दस्तऐवज आहे. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने आपल्या छोट्याशा प्रकल्पाचा अवलंबित्व-वृक्ष एकदा छापावा आणि त्यातील प्रत्येक नावापुढे ते कोणामार्फत आत आले हे लिहावे, एवढा स्वाध्याय या दृष्टीने पुरेसा आरंभ ठरेल. स्वतः लिहिलेल्या ओळींपेक्षा इतरांनी लिहिलेल्या ओळी आपल्या आज्ञावलीत किती अधिक आहेत, हे त्यावरून त्याला उमगेल. आणि त्या ओळींची जबाबदारीही, आज्ञावली वापरकर्त्याच्या हाती देताना, त्याच्याकडेच येते हेही ध्यानात येईल.